बाळाला उचलताना मनगटात कळ

प्रश्न : बाळ चार महिन्यांचं आहे. त्याला उचलताना उजव्या अंगठ्याच्या मुळाशी जीवघेणी कळ येते. एक्स-रे मात्र नॉर्मल. मग दुखतंय काय?

उत्तर : हाड नाही, कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी. अंगठ्याच्या दोन कंडरा मनगटाच्या कडेला एका अरुंद बोगद्यातून जातात. बोगद्याचं आवरण जाड झालं की त्या अडखळतात, आणि एक्स-रेत यातलं काहीच दिसत नाही. डी क्वेर्व्हेन या स्विस सर्जननी १८९५ मध्ये वर्णिलेला हा आजार.

हाच आजार आहे का ते पाहायचं तर अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे हळूच वाकवा, तीच कळ येते का बघा. हळूच! शिकाऊ असताना मी एकीचा हात जोरात वाकवला होता. तिची किंकाळी अजून आठवते. ही चाचणी फिंकेलस्टाइनच्या नावावर खपते, पण मूळची आयकहॉफची. निरोगी हातालाही थोडा ताण जाणवतो, म्हणून दोन्ही हात ताडून पाहा.

बाळाच्या काखेत अंगठे ताणून घालू नका; तळवे वर करून खालून उचला. अंगठ्यासह मनगटाला आधार देणारा स्प्लिंट काही आठवडे वापरा. तरीही कळ राहिली तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, स्टेरॉइडचं एखादं इंजेक्शन बहुतेकींना पुरतं. शस्त्रक्रिया क्वचितच. स्तनपान चालू असेल तर तसं सांगा.