समतोल स्थिरांक काढताना माझं उत्तर २.४३ येतं, पुस्तकात ५०.३ आहे. कुठे चुकतंय?

तुमचं गणित असं: २ लिटरच्या फ्लास्कमध्ये १ मोल हायड्रोजन आणि १ मोल आयोडीन, ४४८ अंश सेल्सिअसच्या आसपास, समतोल झाल्यावर हायड्रोजन आयोडाइड १.५६ मोल. तुम्ही १.५६ चा वर्ग केलात आणि खाली १ गुणिले १ ठेवलंत. सूत्र (हायड्रोजन आयोडाइडच्या संहतीचा, म्हणजे दर लिटरमागच्या मोलचा, वर्ग भागिले हायड्रोजन आणि आयोडीनच्या संहतींचा गुणाकार) बरोबर आहे, आकडे चुकीच्या वेळचे आहेत. वर समतोलाचा आकडा आणि खाली सुरुवातीचा, अशी भेळ चालत नाही.

१.५६ मोल हायड्रोजन आयोडाइड तयार व्हायला त्याच्या निम्मा, म्हणजे ०.७८ मोल हायड्रोजन खर्च झाला आणि तितकंच आयोडीन. उरलं प्रत्येकी ०.२२ मोल. आता २ लिटरने भागा: संहती ०.७८, ०.११ आणि ०.११. ०.७८ चा वर्ग ०.६०८४, भागिले ०.०१२१. आलं ५०.३.

२ लिटरने भागायला विसरला असतात तरी इथे उत्तर हेच आलं असतं, कारण दोन्ही बाजूंना वायूचे दोन-दोन मोल आहेत आणि आकारमान कटतं. हे उदाहरण त्या बाबतीत जरा फसवंच आहे. डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडपासून नायट्रोजन डायऑक्साइड होतानाचं गणित घ्या, तिथे एका मोलचे दोन होतात. याच फ्लास्कमध्ये भागायला विसरलात तर उत्तर थेट दुप्पट येईल.

समीकरण कसं लिहिलंय तेही बघत जा. हेच समीकरण (एक हायड्रोजन आणि एक आयोडीनपासून दोन हायड्रोजन आयोडाइड) निम्मं करून लिहिलं तर स्थिरांक ५०.३ चं वर्गमूळ, ७.०९. उलटं लिहिलं तर ०.०२. घन पदार्थ सूत्रात घ्यायचेच नाहीत.

प्रश्नात संहतीऐवजी अभिक्रियेची प्रमाण गिब्ज मुक्त ऊर्जा (म्हणजे त्या ऊर्जेतला बदल) दिली असेल, तर ती ऋण चिन्ह लावून आर (वायू स्थिरांक) गुणिले टी (तापमान) ने भागायची. येतो तो स्थिरांकाचा नैसर्गिक लॉग. तापमान केल्विनमध्येच. इथे मी स्वतः कितीदा आपटलोय! अमोनियाच्या संश्लेषणात २९८ केल्विनला दोन मोल अमोनियामागे ही ऊर्जा उणे ३२.९ किलोजूल. आर ८.३१४ घेतला की तो जूलमध्ये असतो, म्हणून ३२,९०० लिहायचं. स्थिरांक सुमारे ५ लाख ८० हजार येतो. किलोजूल तसेच ठेवले तर १.०१. त्यामुळे अशा गणितात उत्तर १ ला चिकटून आलं की मी आधी एककं तपासतो.