टेम्पोवाल्यानं कार्बन कर का भरायचा?

प्रश्न (तासगाव) : काका, माझी एक आयशर आहे. द्राक्षाच्या सीझनला वाशी मार्केटला माल टाकतो. डिझेलवर कार्बन कर लावला पाहिजे, असं पेपरात वाचलं. आधीच डिझेलवर काय कमी कर हाय? आता धुराचा पण भरायचा? आणि तेल बंद झालं तर गाडी कशावर पळवायची?

उत्तर : चिडून लिहिलंय, आणि चिडायला कारणही आहे. पण सांगलीत लोकांची रिटर्न भरण्यात माझी हयात गेली. कर म्हटला की माझा हात आधी कॅल्क्युलेटरकडे जातो. कार्बन कर म्हणजे इंधन जाळून जेवढा धूर, म्हणजे कार्बन डायऑक्साइड, निघतो त्याच्या टनामागे लावायचा कर.

एक लिटर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे टनभर व्हायला साधारण ३७० लिटर लागतं. तुमची गाडी वाशीला जाऊन-येऊन सव्वाशे लिटर पीत असेल, तर तीन फेऱ्यांत एक टन झाला म्हणा. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रानं डिझेलवरचं उत्पादन शुल्क लिटरला १७ रुपये ८० पैसे केलं. त्या दरानं ३७० लिटरचे साडेसहा हजार रुपये होतात. राज्याचा व्हॅट वेगळाच. मान्य, त्या पैशातून रस्तेही होतात. तरी नाव काहीही द्या, टनामागे साडेसहा हजार तुम्ही पंपावरच मोजलेत.

आता कोळसा बघा. २०१० साली त्याच्यावर टनाला ५० रुपये उपकर बसला, तो वाढत वाढत २०१६ मध्ये ४०० वर गेला. आपल्याकडचा टनभर कोळसा जाळला की दीड टनाच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो. म्हणजे धुराच्या टनाला पावणेतीनशे रुपयेसुद्धा पडले नाहीत. कुठं साडेसहा हजार आणि कुठं पावणेतीनशे! सप्टेंबर २०२५ मध्ये तर तो उपकरही गेला आणि कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. जीएसटी किमतीवर बसतो, धुरावर नाही. राखेनं भरलेला हलका कोळसा स्वस्त, म्हणून त्याच्यावर कर कमी. मला विचाराल तर ही गाडी उलट्या गिअरमध्ये गेली.

उपकराच्या पैशाचं काय झालं, तेही ऐका. स्वच्छ ऊर्जेसाठी निधी म्हणून तो सुरू झाला होता. २०१७ ला जीएसटी आला आणि हा पैसा जीएसटीमुळं राज्यांचं जे उत्पन्न बुडालं त्याची भरपाई द्यायला वळला. म्हणून कार्बन कर म्हटलं की माझा पहिला प्रश्न दराचा नसतो. पैसा कुठं जाणार, हा असतो.

स्वीडननं १९९१ ला हा कर लावला. सुरुवात बेताची ठेवली, दर हळूहळू चढवला आणि दुसरीकडं उत्पन्नावरचे कर उतरवले. लोक कुरकुरले असतील, पण रस्त्यावर आले नाहीत. फ्रान्सनं २०१८ मध्ये डिझेलवरचा कर वाढवला, तेव्हा गावाकडून शहरात कामाला जाणारी माणसं पिवळी जाकिटं घालून चौकाचौकात उभी राहिली आणि सरकारला पुढची वाढ मागं घ्यावी लागली. त्यांच्या गावाला बस नव्हती. गाडी सोडून जाणार कशानं? कॅनडाची तऱ्हा वेगळी. तिथं कराचा मोठा भाग दर तिमाहीला घरोघरी परत मिळायचा. पण पंपावरचा भाव रोज दिसतो आणि तीन महिन्यांनी खात्यात आलेली रक्कम कशाची, हे लोकांच्या लक्षातच राहिलं नाही. १ एप्रिल २०२५ पासून सामान्य ग्राहकांवरचा तो कर बंद झाला. आपल्याकडं ही अडचण यायची नाही. लाडक्या बहिणीचे दीड हजार कोणत्या तारखेला जमा झाले, हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असतं. पैसे नावानिशी, ठरल्या तारखेला खात्यात टाका; लोक कर सोसतात.

तेव्हा माझं मत असं : डिझेलवर नवा बोजा आत्ता नको. आधी कोळसा, मोठे कारखाने, आणि पैसे घराघरात परत. मात्र तुम्हीही डिझेलवर फार जीव लावू नका. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांहून जास्त बाहेरून येतं; आखातात कुणी शिंकलं की भाड्याचं गणित तुमचं बिघडतं. तासगाव-सांगली-मिरज एवढीच फेरी असेल, तर पुढची छोटी गाडी विजेवरची बघायला हरकत नाही. पण द्राक्षं भरून खंबाटकीच्या बोगद्याअलीकडं चार्जिंगच्या रांगेत थांबा, असं मी सांगणार नाही. वाशीसाठी आयशरच ठेवा.

प्रश्न (पाटण) : कोयनेची वीज आमच्याकडं, चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पवनचक्क्या आमच्या डोक्यावर. मग तेल आणायचंच कशाला?

उत्तर : कारण तुमच्या पठारावर वीज होते आणि तेल जळतं गाड्यांत. गाड्याच विजेवर आल्याशिवाय कोयनेचे १,९६० मेगावॉट तेलाची जागा घेऊ शकत नाहीत. नॉर्वेत २०२४ साली विकलेल्या नव्या मोटारींपैकी दहातल्या जवळपास नऊ विजेच्या होत्या, कारण पेट्रोलच्या गाडीवर जबर कर आणि विजेच्या गाडीला सूट. तोच नॉर्वे जगाला तेल विकून गब्बर झालाय, हेही खरं.

प्रश्न (कुपवाड) : आमची छोटी फाउंड्री आहे, पाइप फिटिंग ओततो. युरोपातलं गिऱ्हाईक भट्टीत कोक (भट्टीचा कोळसा) किती जाळला, पिग आयर्न (कच्चं लोखंड) कुणाचं, असा तक्ता भरून मागतंय. द्यायचा का?

उत्तर : द्या, ताई. युरोपनं १ जानेवारी २०२६ पासून सीमेवरचा कार्बन आकार, म्हणजे बाहेरून येणारा माल बनवताना झालेल्या धुरावरचा आकार, प्रत्यक्ष लागू केलाय. लोखंडी फिटिंग, नट-बोल्ट त्या यादीत आहेत. पैसे तिथला आयातदार भरतो, पण खरे आकडे मिळाले नाहीत तर धुराचा ठोकळ आकडा धरला जातो, तो बहुधा महागात पडतो, आणि मग आयातदार ते पैसे तुमच्याच भावातून कापायला बघणार. वर्षाला एकूण ५० टनांच्या आत माल आणणाऱ्या आयातदाराला यातून सूट आहे, तेव्हा त्याला आधी तेवढं विचारा. आणखी एक : माल बनला त्या देशात कार्बनचा कर भरलेला असेल, तर तिथं तेवढी वजावट मिळते. आपण इथं लावला असता तर पैसा इथंच राहिला असता. कोकची आणि पिग आयर्नची बिलं महिन्यावार लावून ठेवा, आणि क्युपोलाच्या (लोखंड वितळवायच्या भट्टीच्या) प्रत्येक हीटला, म्हणजे प्रत्येक खेपेला, किती टन ओतलं, ते वहीत लिहायला आजच कुणाला तरी बसवा.