नॅनो बंद असताना सेन्सरचा व्होल्टेज ए०वर येतोय, पिन कशी वाचवायची?

तुम्ही लिहिलंय त्याप्रमाणं खानापूरकडच्या विहिरीवर मोटरच्या डिलिव्हरी पाइपला ०.५ ते ४.५ व्होल्टचा प्रेशर सेन्सर बसवलाय, त्याची वायर सरळ आर्डुइनो नॅनोच्या (छोटा प्रोग्रॅम करता येणारा बोर्ड) ए०ला, म्हणजे व्होल्टेज वाचणाऱ्या अॅनालॉग पिनला, सेन्सर बॅटरीवर आणि नॅनो लाईटवरच्या अडॅप्टरवर. लाईट गेली तरी नॅनोचा दिवा मिणमिणत राहतोय आणि लाईट आल्यावर कधीकधी एलसीडीच्या वरच्या ओळीत नुसते काळे चौकोन दिसतात. मी बेळगावच्या उद्यमबागेत पॅनल वायरिंगचं काम करतो, आपल्याकडं थ्री फेज पाळीनं येती म्हणून असली निम्मी बॅटरीवर निम्मी लाईटवर जोडणी सगळीकडं दिसती आणि हा घोळ पण तिथंच दिसतोय.

आधी मीटर लावून बघा. अडॅप्टर काढा, सेन्सर चालू ठेवा आणि नॅनोच्या ५ व्होल्ट पिनवर मोजा, शून्याच्या आसपास यायला पाहिजे. दोन-तीन व्होल्ट दाखवलं तर समजा सेन्सरच नॅनोला मागच्या दारानं करंट देतोय.

होतंय काय, नॅनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपच्या आत प्रत्येक अॅनालॉग पिनपासून व्हीसीसीकडं (चिपचा सप्लाय, इथं तीच ५ व्होल्टची लाईन) एक छोटा डायोड असतोय, स्टॅटिकपासून वाचवायला. डेटाशीट (चिप कंपनीचा माहितीचा कागद) म्हणती पिनवर व्हीसीसी अधिक अर्धा व्होल्ट, त्याच्या वर नको. आता चिप बंद म्हणजे व्हीसीसी शून्य, मग पिनला चालणार फक्त अर्धा व्होल्ट आणि तुम्ही देताय चार! तो डायोड उघडतोय आणि करंट पिनमधनं ५ व्होल्टच्या लाईनवर जाऊन दिवा, एलसीडी सगळ्यांना थोडाथोडा मिळतोय. चिप लगेच जळत नाही म्हणून लोक तसंच चालवतात, पण खरा त्रास अर्धवट जिवंत राहण्याचा आहे. नॅनोचा ब्राउनआउट (सप्लाय ज्याच्या खाली पडला की चिप रिसेटमध्ये जाती ती मर्यादा) साधारण २.७ व्होल्टला सेट असतोय आणि १६ मेगाहर्ट्झवर नीट चालायला डेटाशीटप्रमाणं ३.८च्या आसपास लागतात. मधे तीन व्होल्टवर लटकली तर चिप रिसेटमध्ये पण जात नाही आणि शहाण्यासारखी चालत पण नाही, ईईप्रॉममध्ये (लाईट गेली तरी टिकणारी मेमरी) रीडिंग लिहीत असाल तर तिथं कचरा पडू शकतोय. काळ्या चौकोनांचं पण हेच, एलसीडीच्या कंट्रोलरला स्वतःचा रिसेट व्हायला सप्लाय जवळजवळ शून्यापर्यंत पडून परत चढावा लागतोय, तो पूर्ण पडतच नाही.

सगळ्यात सोपं म्हणजे सेन्सरला ५ व्होल्ट नॅनोकडूनच द्या, दोघं एकदमच बंद. हे स्वस्तातले ०.५–४.५वाले सेन्सर बहुतेक रेशोमेट्रिक असतात, म्हणजे सप्लाय हलला की आउटपुट पण त्याच प्रमाणात हलतोय, त्यामुळं एडीसीचा (चिपमधला व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) रेफरन्स आणि सेन्सर एकाच ५ व्होल्टवर असले तर रीडिंग उलट जास्त बरोबर येतंय. पण तुम्ही म्हणताय त्याच सेन्सरवर दुसरा मीटर पण आहे आणि तो लाईट नसताना चालू पाहिजे, मग हे जमणार नाही.

तर मग असं करा. ए० पिनच्या अगदी जवळ १० केचा (१० हजार ओहमचा) रेझिस्टर सिरीजमध्ये, आणि पिनपासून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर. नॅनो बंद असताना ४.५मधनं डायोडचे ०.६ वजा करा, १० केनं भागा, जेमतेम ०.४ मिलीअँपिअर. ही चिप काढणाऱ्या अॅटमेलच्या झिरो क्रॉसिंगच्या जुन्या अॅप्लिकेशन नोटमध्ये त्या डायोडमधनं १ मिलीअँपिअरच्या वर नेऊ नका असं आहे, आपण बरंच खाली आहोत. एडीसीला पण सोर्स १० केपर्यंत चालतोय, आणि कपॅसिटर मदतीला आहे. फिल्टर पडतोय १ मिलीसेकंदाचा, पाण्याचं प्रेशर काय तेवढ्या वेगानं बदलत नाही.

एवढ्यावर थांबू नका. ते ०.४ मिलीअँपिअर पण रिकाम्या लाईनला व्होल्ट-दीड व्होल्टवर नेऊन ठेवू शकतात, म्हणून ५ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये १ केचा रेझिस्टर टाका. मग लाईन ०.४ व्होल्टच्या वर जातच नाही. चालू असताना तो ५ मिलीअँपिअर खातोय, अडॅप्टरला काय जड नाही.

कोणीतरी तुम्हाला पिनपासून ५ व्होल्टला शॉटकी डायोड लावा म्हणणार. चालू असताना ओव्हरव्होल्टेजला तो चांगला आहे, पण बंद असताना तो चिपच्या आतला करंट बाहेरनं नेतोय एवढंच, लाईन तशीच चढणार. ५.१चा झेनर (ठरलेल्या व्होल्टच्या वर करंट सोडणारा डायोड) तर ४.५ व्होल्टला जागाच होत नाही.

डेटाशीटच्या अर्ध्या व्होल्टला अक्षरशः धरून चालायचं असेल तर मधे एलएम३५८ ही ऑप-अँप चिप बफर म्हणून (व्होल्टेज तसाच पुढं देणारी) टाका, त्याच्या इनपुटला स्वतःचा सप्लाय नसला तरी ३२ व्होल्टपर्यंत चालतंय. फक्त ५ व्होल्टवर त्याचं आउटपुट साडेतीनच्या वर जात नाही, म्हणून आधी दोन सारख्या रेझिस्टरनी व्होल्टेज निम्मा करा आणि कोडमध्ये दुप्पट. मी विहिरीसाठी एवढं करणार नाही.

वायर लांब असेल तर वळवाच्या पावसात विजेचा प्रश्न वेगळा, त्याला सेन्सरच्या वायरवर टीव्हीएस डायोड (अचानक आलेला मोठा व्होल्टेज ग्राउंडला वळवणारा) लागतोय, वरचा १० के त्याला पुरणार नाही. वायर किती मीटर आहे आणि शिल्डवाली आहे का ते लिहा, मग टीव्हीएसचा नंबर सांगतो.