सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमांत जंगलाचा एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) ०.७६ वरून ०.४८ वर आलाय. झाडं खरंच गेली का?

तुम्ही लिहिलंय की ३० हेक्टरच्या सदाहरित तुकड्याच्या २०२१ आणि २०२३ मधल्या, एकाच महिन्यातल्या दोन प्रतिमा क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतल्या आणि आकडा कोसळला. पण जागेवर तोड कुठेच दिसत नाही. डोळ्यांना दिसतंय तेच खरं धरा. इतकी मोठी आणि सगळीकडे सारखी घसरण दिसली की मी जंगलाआधी फाइलवर संशय घेतो.

२५ जानेवारी २०२२ पासून सेंटिनेल-२ च्या प्रक्रियेची ०४.०० ही आवृत्ती लागू झाली. तेव्हापासून प्रत्येक बँडच्या (प्रकाशाच्या पट्ट्याच्या) साठवलेल्या आकड्यात १००० जास्तीचे असतात, म्हणजे अगदी गडद पिक्सेलची ऋण मूल्यं शून्यावर कापली जात नाहीत. परावर्तन (किती प्रकाश परत फिरला ते) काढताना आधी १००० वजा करायचे, मग १०,००० ने भागायचं. हे वजा करायचं राहिलं तर काय होतं पाहा: लाल बँड (बी४) ४०० आणि जवळचा अवरक्त (बी८) ३००० असेल, तर एनडीव्हीआय म्हणजे दोघांची वजाबाकी भागिले बेरीज: २६०० भागिले ३४००, म्हणजे ०.७६. तेच झाड नव्या फाइलमध्ये १४०० आणि ४००० असं येतं; २६०० भागिले ५४००, म्हणजे ०.४८. तुमचे आकडे हेच आहेत.

दुरुस्ती छेदात आहे. रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये नव्या प्रतिमेसाठी (बी८ − बी४) / (बी८ + बी४ − २०००) असं लिहा. अंशात १००० आपोआप कटतात. मात्र मूल्य ० असलेले पिक्सेल म्हणजे माहितीच नाही, ते आधी वगळा. आणि नुसत्या तारखेवरून ठरवू नका: जुन्या प्रतिमाही नंतर नव्या आवृत्तीत पुन्हा तयार केल्या गेल्यात. फाइलच्या नावात 'एन' पुढे ०४०० किंवा त्याहून मोठा आकडा आहे का ते बघा. गूगल अर्थ इंजिनवर असाल तर 'हार्मोनाइज्ड' नावाचा संग्रह घ्या, तिथे हे आधीच जुळवलेलं असतं.

दुरुस्तीनंतरही ०.०५ वगैरे फरक उरला, तर पहिला संशयित ढग. एल२ए (वातावरणाचा परिणाम काढलेल्या) प्रतिमेसोबत वर्गीकरणाचा एससीएल थर येतो; त्यातले ३ (ढगाची सावली), ८, ९ (ढग) आणि १० (पातळ सिरस) हे वर्ग काढून टाका. ढगांच्या कडा तो हमखास सोडतो, म्हणून मास्क (वगळलेला भाग) चहूबाजूंनी १०० मीटर फुगवा. एकेका तारखेऐवजी ३०-४५ दिवसांतल्या स्वच्छ पिक्सेलचं मध्यक घ्या. तुकड्याची सीमाही २० मीटर आत ओढा. कडेच्या पिक्सेलमध्ये शेजारचा रस्ता नाहीतर शेत मिसळलेलं असतं.

मग शेजारचा, नक्की न बदललेला तसाच जंगलाचा पट्टा घेऊन त्याच्यावर हीच सगळी प्रक्रिया करा. तोही तेवढाच खाली आला असेल तर कारण पाऊसमान किंवा प्रतिमा, तोड नव्हे. पानगळीच्या जंगलात तर वर्षभराची मालिका लावल्याशिवाय बोलूच नये. पाऊस लांबला की पानगळही पुढे-मागे होते आणि 'तोच महिना' हा तोच ऋतू राहत नाही.

उलट बाजूही ध्यानात असू द्या. दाट छत्रात एनडीव्हीआय ०.८ च्या पुढे जवळपास थिजतो, त्यामुळे मधली थोडी झाडं गेली तरी तो हलत नाही. तोडीनंतर झुडपं माजली की एक-दोन हंगामांत आकडा पूर्ववत होतो, लाकूड मात्र परत आलेलं नसतं. म्हणून बी८ए आणि बी११ वरून पानांतल्या ओलाव्याचा एनडीएमआयही काढा. दोन्ही बँड २० मीटरचे आहेत, आणि १००० ची भानगड तिथेही आहेच. शंकेच्या ठिकाणी जीपीएस घेऊन जाल तेव्हा निदान ३० × ३० मीटर एकसारखी झाडी असलेली जागाच नोंदवा; छत्राखाली जीपीएस काही मीटर चुकतो आणि नोंद शेजारच्या पिक्सेलवर जाऊन पडते.