उतारवयातील घोड्याला नवे घर : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्याकडे २३ वर्षांची घोडी आहे. माझ्या दोन्ही मुली तिच्याच पाठीवर रपेट करायला शिकल्या. मागच्या पायांचे सांधे दुखू लागल्यामुळे दोन वर्षांपासून तिच्यावर कोणी बसत नाही. मुली आता शिक्षणासाठी दूर आहेत आणि पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर मला खरारा करणे, लीद काढणे जमत नाही. ‘स्वारीचा दीर्घ अनुभव असलेली शांत घोडी, विनामूल्य’ अशी जाहिरात मी दिली. चार जण आले. तिघांनी पहिला प्रश्न विचारला तो ‘हलके मूल बसेल ना?’ असा, आणि चौथा तिला कोठे नेणार हे सांगायला तयार नव्हता. माझे काय चुकले?

उत्तर : चूक जाहिरातीच्या शब्दांत आहे. स्वारीचा अनुभव वाचून जो येतो तो स्वारीसाठीच येतो, आणि ‘विनामूल्य’ वाचून येणाऱ्यांत फुकटची जनावरे गोळा करून पुढे विकणारेही असतात. म्हातारा घोडा अशा माणसाच्या हाती पडला की तो दोन-तीन ठिकाणी फिरून शेवटी कत्तलखान्यात पोहोचू शकतो. घोडीने आजवर काय केले ते एका ओळीत उरका आणि आज तिला दिवसभरात काय लागते ते सविस्तर लिहा. ते वाचून बहुतेक लोक परत फिरतील, आणि ते फिरावेत यासाठीच लिहायचे असते.

राहतो तो गरजू कोण, हेही आधी ओळखून ठेवा. घोडा हा कळपाचा प्राणी आहे. एकटा ठेवलेला घोडा कुंपणालगत येरझाऱ्या घालतो, खिंकाळत राहतो, कधी चंदीला तोंडही लावत नाही. त्यामुळे ज्यांच्याकडे एकच घोडा आहे त्यांना पाठीवर कोणी बसू शकत नसले तरी चालेल, पण स्वभावाने स्थिर असा सोबती हवा असतो. जेथे शिंगरे वाढवली जातात तेथेही, चार ते सहा महिन्यांची शिंगरे आईपासून तोडताना, त्यांच्यात एखादी पोक्त घोडी असली तर कळप लवकर शांत होतो. अशी ठिकाणे जाहिरातीपेक्षा आपल्या पशुवैद्याला आणि नालबंदाला अधिक ठाऊक असतात. विशेषतः नालबंद दर सहा-आठ आठवड्यांनी प्रत्येक तबेल्यात जातो, आणि कोणाच्या घोड्यांचे खूर नीट राखलेले असतात हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला कळत नाही.

आता त्या सविस्तर लेखनाविषयी. दातांपासून सुरुवात करा. घोड्याचे दात वर्षाला सुमारे दोन ते तीन मिलिमीटर वर येत राहतात आणि तितकेच झिजतात. विशी ओलांडली की हिरडीखालचा साठा संपत येतो, दाढा गुळगुळीत होतात किंवा पडतात. अशा घोड्यासमोर सुके गवत टाकले तर तो चघळून त्याचे ओलसर गोळे खाली टाकतो. दावणीखाली असे गोळे दिसले की पोट भरलेले नाही असे समजावे. आपल्या घोडीची चंदी भिजवून द्यावी लागत असेल तर किती पाण्यात, किती वेळ, हेही लिहा. मी एकदा एक घोडा नव्या मालकाकडे सोपवताना ‘चंदी भिजवून द्यावी’ एवढेच तोंडी सांगितले होते. तिसऱ्या दिवशी तबेल्यातील दुसऱ्याच माणसाने घाईत ती कोरडी घातली, घास अन्ननलिकेत अडकला, आणि मी पोहोचलो तेव्हा घोडा मान लांब करून उभा होता व त्याच्या नाकपुड्यांतून लाळेत कालवलेला हिरवट लगदा गळत होता. पशुवैद्याने नळी घालून तो घास सोडवला. चूक माझी होती. तेव्हापासून मी अशा सूचना लिहिलेला कागद दावणीवर खिळ्याने ठोकून देतो.

किती खायला लागते हे अंदाजाने सांगू नका. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, आलेल्या संख्येला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणा आणि ११,८८० ने भागा; किलोग्रॅममध्ये बऱ्यापैकी अचूक वजन मिळते. घेर १८० आणि लांबी १६० असेल तर घोडी सुमारे ४३६ किलोची आहे, आणि वजनाच्या दीड ते दोन टक्के या हिशेबाने तिला रोज साडेसहा ते पावणेनऊ किलो कोरडे अन्न लागेल, ज्यातील मोठा वाटा वैरणीचा असावा.

सांध्यांबाबत एक गोष्ट हमखास सांगायची राहून जाते. घोडा उभ्याने डुलकी घेतो हे खरे, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावेच लागते. ज्याचे सांधे दुखतात तो पुन्हा उठता येणार नाही या भीतीने आडवा होत नाही, आणि मग झोपेअभावी उभ्या-उभ्याच पुढच्या गुडघ्यांवर कोसळतो. पुढच्या पायांच्या खुरावरच्या सांध्यांवर समोरून जुनी-नवी खरचटणी दिसतात का ते पाहा. दिसत असतील तर ते लपवू नका. नव्या जागी तिला जाड, मऊ अंथरूण आणि सपाट जमीन लागेल, आणि वेदनाशामक औषध चालू असेल तर त्याचा खर्च कोण करणार हे आधीच ठरले पाहिजे.

माणूस ठरला की त्याची जागा स्वतः जाऊन पाहा, शक्य असल्यास पूर्वसूचना न देता दुसऱ्यांदाही. तेथील इतर घोड्यांच्या बरगड्या, खूर आणि पाण्याचे हौद तो माणूस बोलणार नाही ते सांगतात. माझे मत विचाराल तर मालकी लगेच सोडू नका; मालकी आपल्याकडे ठेवून घोडी सांभाळायला द्या, किमान पहिले वर्षभर तरी. लेखी करारात चार गोष्टी असाव्यात : तिच्यावर कोणी बसणार नाही, ती दुसऱ्या कोणाला दिली किंवा विकली जाणार नाही, सांभाळणे अशक्य झाले तर ती आपल्याकडेच परत येईल, आणि आपल्याशी संपर्क झाला नाही तर तातडीच्या वेळी निर्णय कोणता पशुवैद्य घेईल. सोबत किमान दहा दिवसांची तिची नेहमीची चंदी पाठवा, म्हणजे खाद्य हळूहळू बदलता येईल. एकदम बदल झाला तर पोटशूळ उठण्याचा धोका असतो. पहिले दोन-तीन आठवडे ती वेगळी राहावी, मग कुंपणापलीकडून ओळख व्हावी आणि त्यानंतरच तिला कळपात सोडावे.

प्रश्न : शर्यतीतून निवृत्त झालेला सहा वर्षांचा घोडा मला विनामूल्य मिळतो आहे. पुढच्या पायाच्या कंडरेला इजा झाली होती, आता बरी आहे असे सांगतात. मी रपेट शिकून एक वर्ष झाले आहे. घ्यावा का?

उत्तर : आपण आत्ताच घेऊ नये. सहा वर्षांचा घोडा ‘निवृत्त’ असला तरी म्हातारा नव्हे. घोडे सहज २५ ते ३० वर्षे जगतात, म्हणजे आपण जवळजवळ दोन दशकांची जबाबदारी पत्करत आहात.

दुसरे असे की त्याला जे शिकवले गेले आहे ते आपण शिकलेल्याच्या उलट आहे. शर्यतीच्या घोड्याला लगामावर रेलून पळण्याची सवय असते; घाबरून आपण लगाम ओढला तर तो थांबण्याऐवजी आणखी जोर लावील. स्वार चढताना एका जागी उभे राहणेही अनेकांना माहीत नसते, कारण चालत्या घोड्यावरच स्वाराला उचलून बसवण्याची तेथे पद्धत असते. शिवाय घोड्याचे पोट आम्ल सतत तयार करत असते. चंदी भरपूर आणि वैरण कमी अशा दिनक्रमामुळे शर्यतीच्या घोड्यांमध्ये जठरातील व्रण अत्यंत सर्रास आढळतात. म्हणून अशा घोड्याला आधी काही महिने नुसते चरू देणारा, मग अगदी पहिल्या धड्यापासून शिकवणारा अनुभवी माणूस लागतो.

तरीही मन मागे हटत नसेल तर ‘धर्माची गाय आणि दात का नाही’ ही म्हण येथे विसरा. दात पाहा, कागदावरील वय व मायक्रोचिपचा क्रमांक जुळतो का तपासा, आणि स्वतः निवडलेल्या पशुवैद्याकडून कंडरेची सोनोग्राफी करून घ्या. बरी झालेली कंडरा मूळच्यासारखी लवचीक नसते आणि ती पुन्हा दुखावण्याचा संभव राहतो. तपासणीच्या दिवशी रक्ताचा नमुनाही घ्यायला सांगा, कारण वेदनाशामकाखाली लंगडणे काही काळ झाकले जाते.

प्रश्न : माझा घोडा २८ वर्षांचा आहे. कुशिंगचा विकार (म्हातारपणी शरीरातील संप्रेरकांचा तोल बिघडवणारा आजार) आहे, या वर्षी खुरांचा दाह तीनदा झाला. गावाबाहेर बदली झाल्यामुळे तीन महिने नवे घर शोधतो आहे. दोघांनी येऊन नकार दिला. अजून किती प्रयत्न करावेत? त्याच्यासोबत १४ वर्षांचे एक गरीब स्वभावाचे तट्टू आहे, ते मात्र माझ्या भावाकडे राहणार आहे.

उत्तर : नकार देणाऱ्या दोघांनी आपल्यावर उपकार केले आहेत. ऋतू बदलला तरी न झडणारे लांब, कुरळे केस, रोजची गोळी आणि वारंवार होणारा खुरांचा दाह असलेला २८ वर्षांचा घोडा नव्या माणसाच्या हाती देणे म्हणजे त्याचे शेवटचे महिने अनोळखी जागी, अनोळखी कळपात आणि त्याचे दुखणे न ओळखणाऱ्या नजरेसमोर घालवणे होय. दाहाचा पुढचा झटका आला की तो पुढचे पाय लांब टाकून, सारा भार टाचांवर घेऊन उभा राहील. आपण ते कुंपणाबाहेरून ओळखाल, नव्या माणसाला कदाचित दुसऱ्या दिवशी कळेल. गोळीची मात्रा बदलून किंवा खुरांना वेगळा आधार देऊन त्याला आराम पडेल का, हे पशुवैद्याला आधी स्पष्ट विचारा. उत्तर नकारार्थी आले तर बदलीपूर्वी, त्याच्याच कुरणात, आपण जवळ उभे असताना त्याला शांतपणे निरोप देणे यात मला क्रौर्य दिसत नाही. त्या दिवशी तट्टाला लगेच बाजूला नेऊ नका. त्याला शव हुंगू द्या आणि ते आपण होऊन दूर जाईपर्यंत थांबा. असे केल्यास नंतरची शोधाशोध आणि खिंकाळणे पुष्कळदा कमी होते.

तट्टू मात्र भावाकडे एकटे पडेल. पहिल्या पत्रातील घोडीची जागा अजून ठरलेली नाही. उभयतांची संमती असेल तर संपादकांमार्फत एकमेकांचे पत्ते कळवता येतील. भावाला त्याआधी ती भिजवलेल्या चंदीची आणि जाड अंथरुणाची गोष्ट वाचून दाखवा.