भावाच्या अहवालात केसीएनएच२ जनुकाचा दोष आला आहे. बहिणीची चाचणी आत्ता करावी की लग्न झाल्यावर?

आत्ता. या जनुकाच्या दोषाने हृदयाचे ठोके अचानक बिघडू शकतात. ‘लग्न झाल्यावर बघू’ हे आमच्या घरातही एकदा ठरलं होतं, म्हणून जरा लांबण लावतोय.

१९९६ साल, धाकटी बहीण दहावीला. आईने पहाटे पाचचा गजर लावून चावीचं घड्याळ स्टीलच्या ताटात ठेवलेलं, जास्त खणखणावं म्हणून. गजर झाला, बहीण ताडकन उठून बसली आणि तशीच मागे कोसळली. डोळे पांढरे, ओठ निळे, अंथरूण ओलं. आईने कांदा फोडून नाकाशी धरला, शेजारच्या काकू चप्पल घेऊन आल्या. मिनिटभरात ती आपली आपण शुद्धीवर आली. श्रेय चपलेला मिळालं.

डॉक्टर म्हणाले फिट. मेंदूचा आलेख (ईईजी) नॉर्मल, तरी गोळ्या सुरू झाल्या त्या दहा वर्षं. फोन खणखणला की पडायची, दाराची बेल वाजली की पडायची. हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं आणि आम्ही तिला घाबरट म्हणायचो. ईसीजी कुणी काढलाच नाही. एवढ्याशा पोरीला हार्टचं काय असणार?

२००४ मध्ये लग्न ठरलं, मामाच्या मध्यस्थीने. मामाने बजावलं, फिटचा विषय काढायचा नाही, त्यावरून कायद्याने लग्न मोडतं. (मोडत नव्हतं. हिंदू विवाह कायद्यातून अपस्माराचा उल्लेख १९९९ मध्येच काढून टाकला होता. मामाला हे मी आजवर तीनदा सांगितलंय.) सगळे गप्प बसले. मीही.

दीड वर्षाने ती बाळंत झाली. बाळ दोन महिन्यांचं असताना रात्री ते एकदम किंचाळलं आणि ही पलंगावरून खाली. कराडच्या एका दवाखान्यात रात्रपाळीच्या डॉक्टरीणबाईंनी ईसीजी काढला, कागद टेबलावर पसरला आणि पेनच्या टोकाने चौकटी मोजायला लागल्या. बारीक चौकट म्हणजे ४० मिलिसेकंद. ठोक्याच्या सुरुवातीच्या क्यू या खुणेपासून शेवटचं टी नावाचं टेकाड संपेपर्यंत तेरा भरल्या, म्हणजे ५२०, तेही नाडी साठ असताना. बायकांमध्ये साधारण ४६० च्या आत असावं लागतं. टीच्या जागी एक टेकाड असतं, तिथे दोन होती. मान वर करून बाईंनी विचारलं, “ही आवाजाने पडते का हो?”

दहा वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

फिट नव्हतीच ती. क्यू ते टी हे अंतर लांबतं त्या लाँग क्यूटी आजाराचा दुसरा प्रकार (टाइप २) होता. हृदयाच्या पेशीतून पोटॅशियम बाहेर सोडणारी एक वाहिनी केसीएनएच२ मुळे बनते, आणि ठोका संपल्यावर पेशी पुढच्या ठोक्यासाठी तयार होते ती तिच्या जोरावर. वाहिनी कमजोर असली की उशीर होतो, आणि तेवढ्यात माणूस दचकलं तर ठोके सैरभैर होतात. केसीएनक्यू१ या दुसऱ्या जनुकात दोष असलेल्यांना पळणं-पोहणं बाधतं, आमच्यासारख्यांना गजर. बाळंतपणानंतरचे महिने तर या प्रकारात फार धोक्याचे. लग्नाआधी चाचणी करा म्हणतो ते यासाठी. सोयरिकीचा हिशोब नंतर.

आणि सासरी सांगा. तिच्या सासूबाई आजाराला एका शब्दाने बोलल्या नाहीत. “लपवलंत का?” एवढंच विचारलं. ते अजून निघतं.

मग आमची वरात ईसीजीला. आईचा क्यूटी ४७०, माझा अगदी साधा. काही वर्षांनी जनुक चाचणी केली तर तोच दोष माझ्यातही. तेव्हा नुसत्या ईसीजीवर बहिणीला सोडू नका, सख्ख्या भावंडात शक्यता निम्मी असते. मामा मात्र आलाच नाही, त्याच्या मुलींची लग्नं व्हायची होती. गुण जुळवायला त्याला छत्तीस रकाने चालतात, ईसीजीची एक पट्टी चालत नाही! २०२१ मध्ये त्याला करोना झाला, चिठ्ठीवर ॲझिथ्रोमायसिन. मी फोन करून म्हटलं, आधी ईसीजी काढ. “तू कधी डॉक्टर झालास?” गोळ्या घेतल्या, खडखडीत बरा झाला, आणि आता तोच त्याचा पुरावा आहे.

ॲझिथ्रोमायसिन, उलटीचं ऑन्डान्सेट्रॉन, ॲसिडिटीच्या कॅप्सूलमधलं डोमपेरिडोन, ही सगळी क्यूटी लांबवणारी औषधं. तुमच्या भावाने यादी पाकिटात ठेवावी आणि प्रत्येक डॉक्टरपुढे धरावी. बीटा ब्लॉकर (ठोके आवरणारं औषध) चालू असेल तर स्वतःच्या मनाने एक दिवसही बंद करू नये.

मी डॉक्टर नाही, हिशेबनीस आहे. भावाच्या अहवालात ‘रोगकारक’ लिहिलंय की ‘महत्त्व अनिश्चित’, हे आधी बघा. अनिश्चित असेल तर बहिणीच्या जनुक चाचणीतून काहीच ठरणार नाही, तिला थेट हृदयरोगतज्ज्ञाकडे न्या. हे खरं तर वरच लिहायला हवं होतं.

बहीण आता रोज प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकर घेते, ठीक आहे. तिच्या खोलीत गजर नाही, नवरा पाय हलवून उठवतो. दाराची बेल काढून टाकलीय, नुसती कडी आहे. गेल्या दिवाळीत मामा तिच्याकडे गेला आणि संध्याकाळी मला फोन, “किती वेळ कडी हलवत उभं राहायचं रे माणसाने?”