ठराव झाला, पण पोकलेन थांबला नाही

प्रश्न : पवन मावळातलं आमचं गाव जेमतेम 70 उंबऱ्यांचं. डोंगराच्या उतारावर एका बिल्डरने दीडशे बंगल्यांची स्कीम काढली आहे. ओढ्यात भराव टाकून पाणी एका पाइपातून वळवलं आणि पहिल्याच मोठ्या पावसात माझं भातखाचर गाळाने भरलं. ग्रामसभेने विरोधाचा ठराव एकमताने केला, तरी काम चालू आहे. सरपंच म्हणतात, आमच्या हातात काही नाही. काय करावं?

उत्तर : दादा, सरपंच खोटं बोलत नाहीत. गावठाणाबाहेरच्या अशा स्कीमला परवानगी ग्रामपंचायत देत नाही, तुमच्या भागात ती पीएमआरडीए, म्हणजे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण, देतं. आणि ठरावाने ती रद्द होत नाही. शिवाय ‘गावाला नको आहे’ एवढ्यावर कोर्ट काम थांबवणार नाही. जमीन त्याने विकत घेतली आहे. (विकली गावातल्याच कुणीतरी, पण ते भांडण तूर्त घरीच ठेवा.)

तुमची भक्कम बाजू आहे ती ओढ्याची. मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 हा जुना कायदा आजही चालतो. नैसर्गिक पाण्याच्या वाटेत कुणी बेकायदा अडथळा घातला आणि शेतीचं नुकसान झालं, तर कलम 5 खाली तहसीलदारांकडे दावा लावता येतो. ते अडथळा काढायचा आदेश देऊ शकतात, पुढच्या कामाला मनाईही करू शकतात. अट एकच, दावा 6 महिन्यांच्या आत हवा. भराव कधी पडला हे तुम्ही लिहिलेलं नाही, आणि मला सगळ्यात आधी तेच विचारायचं आहे. मुदत उलटली असेल तर दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा लावावा लागेल. तो रस्ता लांबचा.

बिल्डर म्हणेल, माझ्याकडे मंजूर नकाशा आहे. तो पाहाच. बिल्डरांच्या प्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या महारेरा या सरकारी प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची कागदपत्रं फुकट दिसतात. तिथे नसतील तर पीएमआरडीएकडे माहिती अधिकाराचा अर्ज टाका : 10 रुपये शुल्क, 30 दिवसांत उत्तर. भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशाची नक्कल काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. गाव नकाशात ओढा आहे आणि मंजूर नकाशात तो गायब, असं निघालं तर बिल्डरची परवानगीच अडचणीत येते.

त्याच कागदांत एकूण बांधकाम क्षेत्रही बघा. ते 20,000 चौरस मीटर किंवा जास्त असेल तर आधी पर्यावरण मंजुरी लागते. ती टाळायला एकच स्कीम तीन-चार नावांनी तुकड्यांत दाखवायची खोड काहींना असते, म्हणून सगळे तुकडे बेरजेत धरा. मंजुरीशिवाय काम चालू असेल तर पुण्यातच हरित न्यायाधिकरणाचं, म्हणजे पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या न्यायालयाचं, खंडपीठ आहे. तिथेही साधारण 6 महिन्यांचीच मुदत.

खाचराचा पंचनामा लगेच मागा, गाळ उपसण्याआधी. फोटो तारखेसह काढा.

गेटवर डंपर अडवायला निघालेल्या पोरांना आवरा. एकदा गुन्हा दाखल झाला की ओढा राहील बाजूला आणि तुम्ही जामिनासाठी वडगावच्या कोर्टात खेटे घालत बसाल.

आणि बिल्डरचा माणूस नुकसानभरपाईचा चेक घेऊन आला, तर सोबतच्या कागदावर ‘पाइपाला हरकत नाही’ असं वाक्य आहे का ते बघा. असेल तर सही करू नका.